तयारी न करता या

नांदेड, ११ ऑगस्ट २०२४

ती. बाबा,

साष्टांग नमस्कार समोर असल्यावर घालता येतो. इथून नुसताच नमस्कार.

फोन केला असता, पण तुम्ही उचलत नाही. चुकून उचललाच तर "आईला देतो" म्हणता आणि खरंच देता. मोबाइलवर निरोप पाठवावा तर वर्गात मोबाइलबंदी केल्यापासून तुम्ही घरातही साधाच फोन ठेवलाय. राहता राहिलं पत्र. टपालानं आलेलं काहीही तुम्ही पूर्ण वाचता, लाइटबिलसुद्धा मागून-पुढून. त्या भरवशावर लिहितेय.

काम असं आहे. माझ्या पीएच.डी.चा प्रयोग ऑक्टोबरात ठरलाय. कॉम्प्युटरच्या प्रोग्रॅममधल्या चुका माणसं वाचून कशा शोधतात, यावर माझं काम चालतं. एका प्रोग्रॅममध्ये मी मुद्दाम चुका पेरल्या आहेत. अर्ध्या मुलांना त्या शोधायला प्रश्नांची एक यादी द्यायची, अर्ध्यांना काहीच द्यायचं नाही, आपल्या मनानं शोधा म्हणायचं. यादीमुळे खरंच फरक पडतो का, ते बघायचं. दोन कॉलेजांची शेवटच्या वर्षाची मुलं आणि सगळ्या लॅब एकाच शनिवारी मिळाल्यात. प्राचार्यांच्या किती पाया पडले ते सांगत नाही, तुम्हाला आवडणार नाही.

त्याआधी थोड्या मुलांवर छोटा प्रयोग करून बघावा लागतो. त्याला पायलट म्हणतात. नांदेडची मुलं घेतली तर पेपर दुसऱ्या दिवशी गावभर होईल. तुमच्याकडे एम-थ्रीचं गणित करायला इंजिनिअरिंगची मुलं येतात, त्यातली दहाएक मिळतील का? एक रविवार, तासाभराचं काम. मी स्वतः लातूरला येईन.

हा पायलट चांगला झाला की पुढचं सगळं सुरळीत. न झाला तर पाच वर्षं पाण्यात. सगळं यावर आहे बाबा.

तुमच्या क्लासच्या कार्यक्रमात, आता हा तू चालव म्हणून तुम्ही सगळ्यांसमोर किल्ल्या पुढे केल्यात आणि मी त्या घेतल्या नाहीत, त्याला तीन वर्षं झाली. "इथं मुलं विचार करत नाहीत, नुसती तयारी करतात," असंही मी तेव्हा माइकजवळच बोलले. ते मनात असेल तर राहू द्या. हे काम त्याच्या बाहेरचं आहे असं समजा.

उत्तर आईकडून आलं तरी चालेल.

तनुजा


नांदेड, २९ ऑगस्ट २०२४

ती. बाबा,

आईचा फोन आला. "दहा न्हाई, बारा देतो म्हणावं," एवढाच तुमचा निरोप. दहा मागितले की बारा देणारे तुम्हीच. बरं वाटलं.

हे पत्र आणि एक पाकीट लातूर गाडीच्या कंडक्टरकडे देतेय, संध्याकाळी स्टँडवरून मागवून घ्यायला आईला फोनवर सांगितलंय. आत प्रोग्रॅमचा कागद, प्रश्नांची यादी आणि सूचनांचं पान आहे. पाकीट उघडंच ठेवलंय, कारण झेरॉक्स तिकडेच काढायच्या आहेत. मी शिकवते त्या कॉलेजचं मशीन नेहमीसारखं बंद पडलंय. तुम्हीही एकदा नजर टाकून ठेवा. पंधरा तारखेला सकाळच्या गाडीनं येते. जेवायला आईला मुरमुऱ्यांची सुशीला करायला सांगा, म्हणजे मी सांगितलं असं सांगू नका.

तनुजा


नांदेड, १६ सप्टेंबर २०२४

बाबा,

काल निघताना तुम्ही दिसला नाहीत, म्हणून आभार कागदावर मानते.

इतका सुरेख पायलट मी ऐकलासुद्धा नव्हता. मुलं वेळेच्या आधी बसलेली, पेन जास्तीचे, रुमाल घडी करून बाकावर. मी सूचना वाचून दाखवल्या, "कळलं का?" विचारलं, तर बाराच्या बाराजणांनी एका सुरात "हाव मॅडम" म्हटलं. तासाभराचं काम त्यांनी पाऊण तासाच्या आत उरकलं. ज्यांना यादी दिली होती त्यांनी तर बहुतेक सगळ्या चुका धरल्या. उदगीरच्या आदिनाथनं मात्र हात वर करून विचारलं, "मॅडम, निगेटिव्ह मार्किंग हाय का?" मला हसूच आलं. म्हटलं, मार्कच नाहीत रे बाबा, लिही.

तुम्ही दारात उभे होतात. माझ्याशी बोलला नाहीत, पण समोरच्या गणपतीचा स्पीकर सुरू झाला तेव्हा तुम्ही चपला घालून खाली गेलात आणि दोन मिनिटांत तो बंद झाला. मंडळाच्या पोरांना काय सांगितलंत कोण जाणे. मी तुम्हाला पाहत होते, हे तुम्हाला कळलं असेल तर बरं आणि नसेल तरी बरं.

आमचे गाईड दयानंद सर निकाल बघून खूश झाले. सूचनांत एक शब्द बदलायची गरज नाही म्हणाले. वेळही तासावरून पाऊण तास केला, म्हणजे दोन तुकड्या एकाच दुपारी बसतील.

आई म्हणत होती तुम्ही हल्ली बारीक झालात. खरंच झालात. संध्याकाळी फिरायला फार लांब जाऊ नका.

तुमची,
तनुजा


नांदेड, २१ ऑक्टोबर २०२४

बाबा,

शनिवारी प्रयोग झाला. झाला म्हणायचं आणि सोडून द्यायचं.

अर्ध्याहून जास्त मुलांचे पेपर अपुरे राहिले. यादीतला तिसरा प्रश्न बहुतेकांनी कोरा सोडला, आणि ज्यांनी सोडवला त्यांनी प्रत्येकानं त्याचा वेगळाच अर्थ लावला. यादी नसलेल्या गटानं जवळजवळ प्रत्येक ओळीवर खूण करून ठेवलीय, ही चूक, तीही चूक. असेल ती असेल. एका मुलीनं कागदाच्या तळाला "सॉरी मॅडम" लिहिलंय. सुरुवातीला मी विचारलं होतं, सूचना कळल्या का? अख्खी लॅब म्हणाली, हो मॅडम.

या कागदांवरून काहीच सिद्ध होत नाही. यादीचा उपयोग होतो असंही नाही आणि होत नाही असंही नाही. दयानंद सर चष्मा काढून पुसत बसले. तेवढ्यावरून मी समजायचं ते समजले.

आणि ही मुलं मला परत वापरता येणार नाहीत. त्यांनी तो प्रोग्रॅम पाहिलाय. एकदा पाहिलं की पाहिलं. ज्यानं पाहिलंय त्याला न पाहिलेला करता येत नाही. आता पुढच्या वर्षीची बॅच, नव्यानं परवानगी आणि माझी मुदत त्याच्या आधी संपते.

एकच गोष्ट डोक्यातून जात नाही. लातूरला सगळं इतकं नीट झालं होतं. तीच पानं, तशीच मुलं. मग झालं काय?

दिवाळीला येत नाही. पेपर तपासायचे आहेत असं आईला सांगितलंय. तुम्हाला खरं सांगते, लातूरला येऊन गल्लीत "झालं का पीएच.डी." ऐकायची ताकद नाही.

तनुजा


नांदेड, ९ नोव्हेंबर २०२४

बाबा,

काल आदिनाथचा मेसेज आला. जसाच्या तसा लिहिते. "मॅडम, तुमच्या टेस्टच्या आधी सरांनी आमच्याकडून जे प्रोग्रॅम करून घेतले, ते लई भारी होते. प्लेसमेंटच्या तयारीला पायजेत. सर देऊन न्हाई राहिले. तुम्ही सांगा ना सरांना."

बिचाऱ्याला वाटलं मला माहीत आहे.

मी लगेच आईला फोन केला. तुम्ही शेजारी होतात. आईनं विचारलं आणि तुमचा आवाज मला ऐकू आला, "सांग तिला, पेपर फोडला न्हाई मी. तसले दुसरे तीन बनवले आन तयारी करून घेतली." आवाजात अभिमान होता बाबा. तीस वर्षांत एकही पेपर फोडला नाही, याचा अभिमान.

तुम्ही दोन आठवडे त्या मुलांकडून यादीतला एकेक प्रश्न घोकून घेतलात. तिसऱ्या प्रश्नाचा अर्थ काय लावायचा तेही तुम्हीच ठरवून दिलंत. त्यांना सगळं कळलं, कारण तुम्ही कळवलं होतं. आणि मी वेडी तुमच्या वर्गात बसून समजत होते की माझ्या सूचना स्पष्ट आहेत. त्या मुलांवरून मी वेळ कमी केला. त्या मुलांवरून मी एक शब्द बदलला नाही.

पायलटमध्ये मुलांची परीक्षा नसते. माझ्या कागदांची असते. मुलं अडखळायला पाहिजेत, चुकायला पाहिजेत, "हे काय लिहिलंय?" असं विचारायला पाहिजेत, तरच माझ्या चुका मला दिसतील. तुम्ही कुणाला अडखळूच दिलं नाहीत. आयुष्यभर नाही दिलंत. मलाही नाही. मी तीन वर्षांपूर्वी माइकजवळ बोलले ते खरंच होतं.

क्लासचं नाव राहिलं, बारापैकी बारा. अभिनंदन.

तुम्हाला माझं काम कधी कळलं नाही आणि कळून घ्यायचंही नाही. यापुढे त्यात पडू नका. माझ्या कशातच पडू नका.

तनुजा


नांदेड, २४ नोव्हेंबर २०२४

बाबा,

हे पत्र तुम्ही उघडाल की नाही माहीत नाही. मागचं उघडलंत, ते आईनं सांगितलं. वाचलंत, घडी करून कपाटात ठेवलंत, आणि पोरांना शिकवायला गेलात. आल्यावर जेवला नाहीत.

आईनं परवा फोन केला तो घरातून नाही, शेजारच्या लक्ष्मीबाईंच्या ओट्यावरून. मला वाटलं रागवेल. ती फक्त म्हणाली, "तुझ्या बापानं काय केलं ते तुला ठाऊक हाय का? मलाबी ठाऊक नव्हतं."

सुदर्शन तिला एका लग्नात भेटला. तुमचा जुना विद्यार्थी, आता औसा रोडला कॉम्प्युटरचा क्लास चालवणारा. त्यानं तिला सांगितलं. माझं पहिलं पत्र आल्यापासून तुम्ही फिरायला जातो म्हणून संध्याकाळी बाहेर पडायचात, ते त्याच्या क्लासला जायचात. सातवी-आठवीच्या पोरांशेजारी बाकावर बसायचात. पहिल्या दिवशी तुम्ही माऊस धरायला शिकलात. मग जावा, म्हणजे माझा प्रोग्रॅम ज्या भाषेत आहे ती. सुदर्शन म्हणाला म्हणे, "सर एकदाही कळालं नाही म्हणले नाहीत. अडलं की म्हणायचे, सुदर्शन, मागच्या बाकावरच्यांना कळालेलं दिसत न्हाई, परत सांग." मागच्या बाकावर कुणीच नसायचं.

आई हे सांगताना हसली.

अडुसष्टाव्या वर्षी तुम्ही माझा विषय शिकलात. जिच्याशी बोलत नव्हतात त्या मुलीचा. आणि मी लिहिलं की तुम्हाला कळून घ्यायचं नाही.

मी माझं ऑगस्टातलं पत्र आठवून पाहिलं. त्यात काय लिहिलं होतं मी? "पायलट चांगला झाला की सगळं सुरळीत. सगळं यावर आहे बाबा." चांगला पायलट कशाला म्हणतात, ते लिहिलंच नाही. ज्यात गडबड होते, मुलं डोकं खाजवतात, तो पायलट चांगला. हे मला इतकं सरावाचं होतं की लिहायची गरज वाटली नाही. आणि वाचणार कोण होतं? लातूरचा गणिताचा मास्तर. ज्याच्या दारात आईबाप पोर आणून सोडतात आणि म्हणतात, सगळं यावर आहे सर. तुम्ही त्यावर तीस वर्षं जे केलंत तेच केलंत. उघडं पाकीट पाठवून "नजर टाकून ठेवा" असंही मीच लिहिलं. मुलांना द्यायच्या सूचना बाराजणांवर तपासल्या, पण तुम्हाला दिलेली सूचना एकालाही वाचायला दिली नाही. आईला जरी वाचून दाखवली असती तरी ती म्हणाली असती, अगं हे वाचून ते तयारीला लागतील.

आणि आदिनाथनं निगेटिव्ह मार्किंगचं विचारलं, तेव्हा मी हसले. तो एकटा मला सांगत होता की मुलं याला परीक्षा समजतायत. तुमच्या वर्गात त्या दिवशी एकच गोष्ट तयारीबाहेरची घडली आणि ती मी हसण्यावारी नेली. त्याचं खापर तुमच्यावर फोडता येत नाही.

प्रयोग तुम्ही नाही बिघडवला. आपण दोघांनी मिळून बिघडवला. तीन वर्षांत आपण दोघांनी मिळून केलेलं ते एकच काम.

मला माफ करा, असं लिहितेय. पण मागच्या पत्राचं काय करू? ज्यानं पाहिलंय त्याला न पाहिलेला करता येत नाही, हे मीच तुम्हाला लिहिलं होतं. तेव्हा मुलांबद्दल लिहिलं होतं.

तनू


नांदेड, २९ डिसेंबर २०२४

ती. बाबा,

तुमच्याकडून काही आलं नाही. यावं असं मी काही केलेलंही नाही. तरी लिहिते.

विद्यापीठाकडे मुदतवाढीचा अर्ज केलाय. मिळेल की नाही सांगता येत नाही. पाचातलं एक वर्ष तर गेलंच. दयानंद सर म्हणाले, प्रयोग नव्यानं मांड, पण या वेळी घाई नको. आधी दोन-तीन माणसांना एकेकटं बसव. त्यांना म्हणावं, कागद वाचताना मनात येईल ते मोठ्यानं बोलत राहा. कुठे थांबली, कुठे अडखळली, कुठे चिडली, सगळं ऐकायचं. आवाज टेप होतो. मी शेजारी बसायचं नाही, कारण मी बसले की माणूस माझ्या तोंडाकडे बघून बोलतो.

एक मुलगी झाली, एक सुटीवर नांदेडला आलेले इंजिनिअर झाले. दोघंही माझं मन राखून बोलले. "छान आहे मॅडम." मला असा माणूस हवाय जो कागदात खोट काढेल. ज्याला जावा थोडंसंच येतं, नुकतंच शिकलेलं.

तुम्ही याल का?

या वेळी सूचना नीट लिहिते. वाचून झाल्यावर आईलाही वाचायला द्या आणि तिला काय कळलं ते विचारा.

एकोणीस जानेवारी, रविवार. सकाळच्या गाडीनं या, मी स्टँडवर येते. कागद आधी पाठवणार नाही. सुदर्शनकडे जाऊ नका. पुस्तक उघडू नका. काहीही आलं नाही तरी चालेल, न आलेलंच मला हवं आहे. जिथे कळणार नाही तिथे "कळलं नाही" एवढं म्हणायचं. मागच्या बाकावरच्यांना नाही, तुम्हाला.

तयारी न करता या बाबा. हीच सूचना. अवघड आहे, माहीत आहे.

नाही आलात तरी मी स्टँडवर येईन. गाडी बघून परत जाईन.

तनू


नांदेड, २६ जानेवारी २०२५

ती. बाबा,

तुम्ही आलात. इस्त्रीचा सदरा, खिशाला दोन पेन आणि डब्यात आईची सुशीला. स्टँडवर उतरलात आणि पहिलं वाक्य बोललात, "गाडी लोह्याला लई वेळ थांबली." तीन वर्षांत "आईला देतो" सोडून माझ्याशी थेट बोललेलं पहिलं वाक्य. मी "हो ना" म्हटलं. मग रिक्षात तुम्ही भाड्यावरून घासाघीस करत बसलात.

लॅबमध्ये तुम्ही संमतीचा कागद लाइटबिलासारखा वाचलात. सही करण्याआधी विचारलंत, "ह्यो आवाज कोण ऐकणार?" मी म्हटलं, फक्त मी. थोड्या वेळानं परत विचारलंत, "तुझे सर न्हाई ना?" म्हटलं, नाही बाबा, मीच. मग सही केलीत. मी टेप सुरू केला आणि बाहेर जाऊन व्हरांड्यात उभी राहिले. नियमाप्रमाणे.

जेवलात आणि तीनच्या गाडीनं गेलात. जाताना "कागद बरा हाय, पण सुधार" एवढंच म्हणालात. मला वाटलं, झालं, यापुढे नाही.

आवाज ऐकून लिहून काढायचं काम असतं. आठवडाभर मी ते टाळलं. आज सुटी होती, सकाळीच बसले.

सुरुवातीला तुम्ही घसा साफ करता. "नाव अनंतराव. वय अडुसष्ट. मोठ्यानं विचार करायचा म्हणे. आजपर्यंत पोरांना मनातल्या मनात करा म्हणत आलो." मग सूचना वाचता, प्रत्येक शब्द, फळ्यावर लिहून दिल्यासारखा. मग प्रोग्रॅम. सहाव्या ओळीतली चूक तुम्ही पटकन धरलीत आणि "हां!" म्हणालात. मी एकटीच मोठ्यानं हसले.

मग तिसरा प्रश्न. तुम्ही तो वाचता. परत वाचता. पंख्याचा आवाज येत राहतो. मग तुम्ही म्हणता, "कळालं न्हाई."

पुन्हा एकदा, जरा मोठ्यानं, "मला कळालं न्हाई."

बाबा, मी चौतीस वर्षांची आहे. हे वाक्य तुमच्या तोंडून मी आधी कधी ऐकलं नव्हतं.

त्यापुढचं मी लिहून काढलं नाही. पण कान देऊन ऐकलंय, आणि इथे लिहिते, कारण ते तुम्ही मला सांगितलंत की सूचनेत लिहिलं होतं म्हणून बोललात, ते मला कळलेलं नाही.

"तनू पाचवीत असंल तवा. अपूर्णांक शिकवून राहिलो होतो. कळालं का म्हणलं, हाव म्हणली. पाहिलं तर सगळं चूक. म्हणलं, मग हाव का म्हणलीस? म्हणली, न्हाई म्हणलं की तुमचं तोंड बदलतं बाबा." पेनाचं टोपण लावल्याचं ऐकू येतं. "खरंच बदलत असंल. पोरं काय उगं हाव म्हणतात का? तीस वर्षं हाव सर, हाव सर ऐकलं. किती जणांना कळालं होतं, देवच जाणे."

खुर्ची सरकल्याचा आवाज येतो. मला वाटलं उठलात. पण नाही.

"तीन वर्षं फोन वाजायचा. मी म्हणायचो आईला देतो. राग न्हवता. म्हणजे पहिल्यांदा होता. नंतर काय बोलावं तेच कळून न्हाई राहिलं. तेवढं म्हणलो असतो तरी झालं असतं. तनू, काय बोलावं कळालं न्हाई. येवढंच तर वाक्य हाय." आणि लगेच, वर्गातल्या आवाजात, "ओळ अकरा."

पुढे तुम्ही शेवटपर्यंत कागद सोडवलात. आणखी चार ठिकाणी "कळालं न्हाई" म्हणालात. चारही ठिकाणं मी बदलली. तिसरा प्रश्न तर मोडून दोन केले. तुमचा आवाज न ऐकवता, नुसती ती ठिकाणं मी दुपारी फोनवर सांगितली तर दयानंद सर म्हणाले, असा माणूस ऑक्टोबरच्या आधी भेटला असता तर! ऑक्टोबरच्या आधी तो माणूस माझ्याच घरी होता, आणि त्याला काय सांगायचं ते मला लिहिता आलं नाही.

मुदतवाढीचं अजून कळलेलं नाही. नाही मिळाली तर नाही. तो शनिवार आणि ती मुलं परत येणार नाहीत, आणि नोव्हेंबरचं ते रागाचं पत्रही तुमच्या कपाटातून निघणार नाही. त्याची हळहळ राहील. पाचवीतल्या त्या मुलीला मी आठवून बघते, तर मला अपूर्णांक आठवत नाहीत, तुमचं तोंड आठवतं. आणि आता त्यावर तुमचा हा आवाज येतो. दोन्ही खरं आहे. पहिलं पुसत नाही, पण आता ते एकटं उरलेलं नाही.

नियम असा आहे की पायलटमधलं काहीही मुख्य प्रयोगात धरायचं नसतं. त्याचा उपयोग कागद सुधारण्यापुरता, निकालात त्याची मोजदाद नाही. मी हा नियम मुलांना दर वर्षी शिकवते. आज पहिल्यांदा तो मला चांगला वाटला. तुमचा आवाज कुठल्याही तक्त्यात जाणार नाही, कुठल्याही पानावर छापून येणार नाही. सांगितल्याप्रमाणे फक्त मी ऐकलाय.

पुढच्या रविवारी सकाळी फोन करते. काय बोलायचं ते माझंही ठरलेलं नाही. तुम्ही उचला. तयारी करू नका, आणि आईला देऊ नका.

तनू